कनकगडाची स्थळं

माजलगावच्या मोंढ्यात कल्याणरावांचं भुसार दुकान आहे आणि त्याला लागून एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथं रिकामी पोती ठेवत. पुढं पोत्यांच्या जागी दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि 'शिवगंगा टायपिंग व इंटरनेट' असा बोर्ड आला, तरी कल्याणरावांच्या तोंडी ती 'बारदान्याची खोली'च राहिली. जग जवळ आलं असं पेपरात येई. ते आपल्या बारदान्याच्या खोलीत आलंय, एवढंच कल्याणराव कबूल करत.

खोली चालवायचा त्यांचा मुलगा वीरेश. पण दुपारी वीरेश घरी जेवायला जाई आणि जेवणानंतर 'जरा पाठ टेकतो' म्हणून जी पाठ टेकी, ती चहाच्या वेळेलाच उचली. तेवढा वेळ त्याची बायको कावेरी खोलीत बसे. छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत वर्षाची रुचिका. एका पायानं झोळीला झोका द्यायचा आणि दोन्ही हातांनी टायपिंग करायचं, हे कसब कुठल्याही कोर्सात शिकवत नाहीत. झोका थांबला की रुचिका उठे आणि टायपिंग थांबलं की कावेरीला आपण कुठं आहोत याची आठवण होई. म्हणून ती दोन्ही चालू ठेवी.

कारण त्या वेळात कावेरी माजलगावात नसे. ती कनकगडावर असे.

कनकगड नकाशात शोधू नये. पुण्या-नागपुराकडची काही मराठी माणसं, दोघं अमेरिकेतली आणि एक मस्कतचा, अशा मंडळींनी इंटरनेटवर एकमेकांना पत्रं लिहून लिहून तो गड उभा केला होता. प्रत्येकानं गडावरचं कुणीतरी व्हायचं. एकानं लिहायचं की मी घोड्यावरून दरवाजाशी आलो, दुसऱ्यानं लिहायचं की घोडं लंगडतंय, कुठून आलात. गोष्ट अशी पुढं सरके. तेव्हा मराठी अक्षरं मेलमधून जाताना वाटेत चौकोन होऊन पडत, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. गडात शिरण्याआधी मात्र प्रत्येकानं आपल्या पात्राचं एक पान लिहून द्यायचं: नाव, वय, रूप, स्वभाव, गुण, दोष. पान पसंत पडलं तरच प्रवेश. गडाची मालकीण नागपूरची यशोधराताई. दिवसा त्या बँकेत होत्या.

कावेरी गडावर जाईबाई होती. दरवाजाची किल्ली तिच्याकडं.

आता दरवाजावर बसणाऱ्या बाईला आत कोण येतंय ते सगळ्यांच्या आधी कळतं. कावेरीला कळलं की येतोय तो प्रत्येक जण सहा फुटी, अजिंक्य आणि राजघराण्यातला आहे. तिनं एक दिवस न राहवून लिहिलं की गडावर सेनापतींची दाटी झालीय, भाकऱ्या थापायला माणूस नाही. यशोधराताईंनी उलट टपाली कळवलं की मुद्दा बरोबर आहे, तेव्हा चांगली पात्रं लिहिण्याची स्पर्धा घेऊ आणि ती तूच घे.

झालं. यावर पुण्याचे एक गृहस्थ, ज्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं आणि जे गडावर 'सेनापती रणधुरंधर' म्हणून वावरत, त्यांनी सर्वांदेखत विचारलं की माजलगावात वीज असते का, की निकाल एसटीनं पाठवणार.

रुचिकाला त्याच वेळी दात येत होते. एका कानात तिचं रडणं आणि डोळ्यांपुढं ते वाक्य. कावेरीनं तावातावानं लिहिलं की निकाल रविवारी संध्याकाळी आठला लागेल. न लागल्यास यापुढच्या सगळ्या स्पर्धा सेनापतींनी घ्याव्यात आणि मी दरवाजाची किल्लीही त्यांच्या हवाली करीन. लिहिलं आणि धाडून दिलं. किल्लीचं लिहायचं काही कारण नव्हतं. पण पोस्टाच्या पेटीत निदान हात घालून पाहता येतो. इथं तीही सोय नव्हती.

घरात यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. कावेरीनं लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. वीरेशला 'तुझं ते गडाचं' एवढं ठाऊक होतं. सासू बसम्मांची समजूत अशी की सून दुपारी लोकांचे अर्ज टाईप करते. ही समजूत चांगली होती आणि कावेरीला ती मोडायची नव्हती. त्या खोलीतली दुपार सोडली तर दिवसातला असा एक कोपरा नव्हता जो तिचा एकटीचा होता, आणि गडाची किल्ली गेली की त्या दुपारीही नुसते अर्जच उरणार होते.

समोरच्या बांगडीवाल्या भिवराबाईंना मात्र वास लागला. त्यांनी आधी विचारलं की स्पर्धा कसली, रांगोळीची का. कावेरीनं समजावलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं की बक्षीस काय. विजेत्याच्या नावानं गडावरच्या एका गल्लीचं नाव ठेवणार, असं कावेरीनं सांगितलं. भिवराबाईंनी हातातला बांगड्यांचा जोड खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, स्टीलचा डबा तरी दे गं. जी गल्ली दिसतच न्हाई तिच्यात ऱ्हायला कोन जाणार?"

स्पर्धा अर्ध्यावर आली असताना ऊस भरलेल्या एका ट्रॉलीनं मोंढ्यातली टेलिफोनची तार ओढून नेली. वरच्या थरातली मोळी तारेत अडकली आणि तार बरीच लांब कारखान्याच्या दिशेनं गेली. कावेरी रुचिकाला कडेवर घेऊन तक्रार द्यायला गेली. खिडकीतल्या कारकुनानं तातडीचं कारण विचारलं. तिनं खरं ते सांगितलं: स्पर्धा आहे. त्यानं विचारलं, स्पर्धेला तहसीलची परवानगी काढली का. किती लोक जमणार? ती म्हणाली, कुणीच जमणार नाही. मग स्पर्धा कशी? ती म्हणाली, सगळे आपापल्या घरी बसूनच भाग घेणार. कारकुनानं चष्मा काढून तिच्याकडं आणि मग रुचिकाकडं पाहिलं. शेवटी कारणाच्या जागी त्यानं 'घरात लहान मूल' असं लिहिलं आणि तार दुसऱ्या दिवशी जोडून मिळाली. पुढं कितीतरी कामांत कावेरीनं हेच कारण वापरलं. ते कुठंही नाकारलं गेलं नाही.

परीक्षक म्हणून तिनं सुंदरराव सरांना गाठलं. सर मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि तपासायला पेपर नाहीत म्हणून त्यांची तब्येत उतरत चालली होती. ते आनंदानं तयार झाले. एकच अट: मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत वाचणार नाही, तसलं लिखाण पाहिलं की कुणीतरी चपला डोक्यावर घेऊन चाललंय असं त्यांना वाटे. म्हणजे आलेली सगळी पात्रं मराठीत पुन्हा टाईप करून छापणं आलं.

कॉम्प्युटरमध्ये असल्या पानाचा एकच साचा तयार होता. वीरेशनं तो समाजाच्या वधू-वर बायोडाट्यांसाठी बनवलेला. वर '॥ ॐ नमः शिवाय ॥', कडेनं बेलपानांची नक्षी, खाली रकाने: नाव, वय, उंची, वर्ण, शिक्षण, व्यवसाय, स्थावर, मामाचे कूळ, स्वभाव, अपेक्षा. कावेरीला तो साचा फारच सोयीचा वाटला. तिनं 'मामाचे कूळ' काढलं, 'गुण', 'शत्रू', 'दोष' घातले आणि एका झोक्यावर एक रकाना अशा गतीनं कनकगडाची अख्खी वस्ती टाईप करून काढली. नमुना म्हणून आपल्या जाईबाईचंही पान तिनं सगळ्यांत खाली ठेवलं. आयोजकाला भाग घेता येत नाही, पण नमुना व्हायला हरकत नव्हती.

इथं सांगायला हवं की कल्याणराव हे समाजाच्या तालुका मेळाव्याचे चिटणीस होते. वधू-वर परिचय मेळावा त्याच रविवारी होता. त्याचे बायोडाटे त्याच खोलीत, त्याच साच्यात छापून झाले होते आणि त्याच हिरव्या फाइलीत घातले होते. कारण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडं हिरव्याच फाइली होत्या. कावेरीनं आपल्या फाइलीवर 'स्पर्धा' असं मोठं लेबल चिकटवलं होतं. पण शनिवारी रुचिका रांगत रांगत फाइलीपर्यंत पोचली आणि लेबल अर्धं तिच्या पोटात व उरलेलं फ्रॉकला गेलं. कावेरीनं तिच्या तोंडात बोट घालून जेवढं निघालं तेवढं काढलं, डॉक्टरकडं नेलं, डॉक्टरांनी 'कागद हाय, जाईल' म्हणून परत पाठवलं. या गडबडीत वीरेशनं सरांना हिरवी फाइल दिली आणि वडिलांना हिरवी फाइल दिली. रंग दोन्हीकडं अचूक होता.

रविवारी अकराच्या सुमाराला सर तपासलेली फाइल घेऊन खोलीत आले. चेहरा गंभीर. म्हणाले, मुली, दर्जा निराशाजनक आहे.

कावेरीनं फाइल उघडली. लाल शाईनं पानं रंगली होती. पहिल्यावर शेरा: 'निर्व्यसनी, मनमिळाऊ, आज्ञाधारक. हीच तीन विशेषणं सलग चौदा पात्रांना. लेखक बहुधा एकच असावा.' दुसऱ्यावर, चाळीस एकर बागायतीखाली रेघ ओढून: 'कल्पनाविलास.' तिसरं पान समाजाच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं. त्यावर: 'पात्राला स्वतःचं असं मत नाही. वडील बोलतात तेच बोलते. शंभरपैकी बत्तीस.'

तिनं भराभर उरलेली पानं उलटली. "सर, ही खरी माणसं हायेत," ती म्हणाली.

सरांनी चष्मा लावून पान पुन्हा जवळ धरलं. "खरी? मग तर फारच वाईट लिहिलीत."

कावेरीनं रुचिकाला कडेवर घेतलं, फाइल काखेत मारली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रिक्षा केली. वाटेत ती एवढाच विचार करत होती की मामंजी आधी पानं चाळून पाहतील, काहीतरी चुकलंय हे त्यांना कळेल, ते फाइल मिटतील आणि फक्त घरी आल्यावर बोलतील. पण कल्याणराव चाळणाऱ्यांतले नव्हते. मोंढ्यात ज्वारीच्या पोत्यात हात घालून दाणा पाहणारा हा माणूस कागदावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवी, कारण कागद छापलेला असे.

मंगल कार्यालयात ती पोचली तेव्हा हॉल भरलेला होता. जी मुलं प्रत्यक्ष आली नव्हती त्यांचा परिचय चिटणिसांनी वाचून द्यायचा, असा रिवाज. कल्याणराव माईकसमोर उभे होते आणि एकाच संथ सुरात वाचत होते: "नाव, रणधुरंधर. उंची साडेसहा फूट. शिक्षण, चौसष्ट कला. स्थावर, तीन किल्ले, हत्ती दोनशे. शत्रू, कुणी शिल्लक नाही. दोष, नाही."

कडा गावाहून आलेले सुग्रीवअप्पा पहिल्या रांगेत बसले होते. तीन मुलींचे बाप. त्यांनी हात वर केला. "चिटणीससाहेब, एवढं समदं हाय, मग आजून लगीन कावून झालं न्हाई?"

हॉलमध्ये मान डोलावण्याची लाट गेली. मागून कुणीतरी म्हणालं की मामाचं नाव दिलेलं न्हाई, तिथंच काय ते समजा. आणखी एका बापानं विचारलं की दोनशे हत्तींचा रोजचा खर्च कोण बघणार, पोरगीच का. रणधुरंधरांचं पान खाली गेलं.

दुसऱ्या स्थळाचं वय तीनशे वर्षं निघालं. इथं कल्याणराव पहिल्यांदा अडखळले. चष्मा वर करून त्यांनी पुन्हा वाचलं. मग मान वर केली आणि दाराशी उभी सून त्यांना दिसली: एका कडेवर नात, दुसऱ्या हातात उंच धरलेली हिरवी फाइल, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं. कल्याणरावांना कळलं. काय कळलं ते नीट नाही, पण हे हॉलमधल्या कुणाचं पोरगं नव्हे एवढं कळलं.

आयुष्यात मोंढ्यातला सौदा अर्धा टाकून ते उठले नव्हते. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, "तीस समजावं" असं सांगितलं आणि पुढचं पान घेतलं.

"नाव, मल्हारी. व्यवसाय, गडावर दिवटी धरणे. उंची बेताची. स्थावर नाही. जंगम, एक शेळी, तीही बहिणीनं दिलेली. दोष: अंधाराची भीती वाटते, म्हणूनच दिवटीचं काम धरलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घाबरला की हसतो. त्यामुळं दोन मयतींना मार खाल्ला. अपेक्षा: चालताना बोलत राहणारी असावी, म्हणजे वाट कळते."

 मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं, आणि ते हसणं टिंगलीचं नव्हतं. सुग्रीवअप्पा उठून उभे राहिले. "ह्या पोराचा पत्ता द्या. शेळी तर शेळी. खरं बोलतोय ना. माजी मदली लेक इतकी बोलती, ह्याची वाट जन्मात चुकायची न्हाई." त्यांच्या मागं आणखी चार बापांनी पत्ता मागितला, आणि त्यातल्या दोघांत आधी कोण उठलं यावरून बोलाचाली झाली.

कावेरी दाराशी भिंतीला टेकली. वर्षभर गडावर नुसती वाचत बसणाऱ्या, कधी एक ओळ न लिहिणाऱ्या सांगलीच्या एका बाईनं हा मल्हारी पाठवला होता. सुंदरराव सरांना द्यायला तिनं गुणांचा तक्ता केला होता: भाषेला इतके, कल्पनेला इतके. इथं तक्ता नव्हता. इथं लोक आपली मुलगी देऊ की नको, एवढंच पाहत होते.

आणि मग कल्याणरावांनी शेवटचं पान उचललं. कावेरीला ओरडावंसं वाटलं, पण झोळीवाल्या बाईचा आवाज मोठा व्हायला विसरलेला असतो.

"नाव, जाईबाई. व्यवसाय, गडाच्या दरवाजाची किल्ली सांभाळणे. गुण: अवेळी कुणी आलं तरी तोंड वाकडं न करता दार उघडते. थकलेल्याला पाणी देते, खोटं बोलणाऱ्यालाही देते, फक्त थोडं उशिरा." इथं कल्याणरावांचा सूर बदलला. ते सावकाश वाचू लागले. "दोष: सगळ्यांना आत घेता घेता स्वतः कधी बाहेर पडली नाही, हे कुणाला सांगत नाही. अपेक्षा: दिवसातून घटकाभर दरवाजा दुसऱ्या कुणी सांभाळावा."

त्यांनी पान खाली ठेवलं नाही. बायकांच्या बाजूला सुपारीचं तबक घेऊन बसलेल्या बसम्मांनी तबक मांडीवरून उतरवलं आणि दाराकडं पाहिलं.

केजहून आलेल्या एका आजीबाईंनी तेवढ्यात सांगितलं की नातवासाठी ही पोरगी पक्की, मामाचं कूळ मागून बघू. दुसऱ्या बाजूनंही मागणी आली. कल्याणराव 'जरा थांबा' म्हणून मंचावरून उतरले आणि दाराशी आले. कावेरीनं गड, स्पर्धा, सर, लेबल, फाइली हे सगळं एका श्वासात सांगितलं. त्यातलं त्यांना किती पोचलं देव जाणे. त्यांनी एकच विचारलं.

"जाईबाईचं कुणी लिवलं?"

"मी, मामंजी."

ते पुन्हा माईकपाशी गेले. घसा साफ केला. सभेला सांगितलं की फाइलींची अदलाबदल झालेली आहे, आधी वाचलेली मंडळी लग्नाची नाहीत; ती त्यांच्या घरातून चालणाऱ्या एका स्पर्धेची आहेत, ज्यात अमेरिकेपासून मस्कतपर्यंतचे लोक आहेत. 'घरातून' या शब्दावर त्यांनी इतका वेळ घेतला की मागच्या रांगेतले लोक पुढं झुकले. मग केजच्या आजीबाईंकडं वळून म्हणाले,

"आन् जाईबाईचं म्हणाल, तर ते स्थळ गेलं. आमच्याच घरात दिलेलं हाय."

पुढं खरे बायोडाटे वाचले गेले. लाल शाईसकट. झाकायचा प्रयत्न झाला, पण जेवणाच्या पंगतीपर्यंत कुणाला किती मार्क पडले हे सगळ्यांना पाठ होतं. अध्यक्षांनी फेरतपासणी मागितली. पुतण्या मात्र पंगतीतून उठून सुंदरराव सरांचं घर विचारत गेला. आपलं स्वतःचं मत असावं, असं त्याला कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

दुपारी गेलेली वीज संध्याकाळी सातला आली. कावेरी खोलीत शिरली, तर रुचिका झोळीत राहायला तयार नाही. दिवसभर हॉलमध्ये मिरवून आल्यावर तिला बारदान्याची खोली पसंत पडेना. कावेरी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं लाईन जोडत होती, तोच बसम्मा दारात आल्या. असं त्या कधी येत नसत. त्यांनी काही न बोलता नातीला उचललं, पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"लिव तुजं," त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "दरवाजा मी बगते."

कावेरीला दोन ओळी उगाचच पुसट दिसल्या. मग तिनं दोन्ही हातांनी लिहिलं. पहिला क्रमांक मल्हारी दिवटीवाला. आठला पाच मिनिटं असताना निकाल गडावर पोचला.

यशोधराताईंची शाबासकी लगेच आली. पाठोपाठ सेनापती रणधुरंधरांचं पत्र: परीक्षक कोण होते, त्यांची पात्रता काय? कावेरीनं उत्तर दिलं की परीक्षक बीड जिल्ह्यातले मुलींचे बाप होते, माणूस पारखण्यात त्यांच्या वरचढ कुणी नाही, आणि तुमच्या पात्राला त्यांचा एकच प्रश्न आहे: एवढं सगळं असून अजून लग्न का झालं नाही?

 आठवड्यानं सेनापतींनी नवं पान पाठवलं: गडावरचा आचारी, भाकऱ्या करपवणारा. कावेरीनं दरवाजा उघडला. थोडा उशिरा.

मोंढ्यात कल्याणरावांचा पुढचा पंधरवडा फार चांगला गेला. ज्वारी घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी मस्कत कुठं आलं ते विचारत. भिवराबाईंनी सांगलीच्या बाईसाठी स्वतःहून स्टीलचा डबा आणून दिला. तो पार्सलनं गेला, गल्लीचं नावही ठेवलं गेलं. आणि 'बारदान्याची खोली' हा शब्द दुकानातून कधी नाहीसा झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका दुपारी, वीरेश पाठ टेकायला गेलेला असताना, कल्याणराव दुकानातून खोलीत आले. इकडंतिकडं पाहिलं. खुर्ची ओढून बसले.

"गडावर एवढी मानसं हायेत," ते म्हणाले, "भुसाराचं दुकान हाय का?"

कावेरी म्हणाली, नाही.

"मग खातेत काय लोक? माजं बी एक पान टाईप कर. नाव घाल कल्याणराव, बदलू नको. उंची, स्वभाव, तुला म्हाईत हाय. दोषाच्या खाली 'नाही' लिव."

उंबऱ्यावरून, नातीला भात भरवता भरवता, बसम्मांचा आवाज आला.

"ते राहू दे, पोरी. दोष मी सांगते. आन् जागा पुरली न्हाई तर पान उलटून लिव."